मोजणी उधळणाऱ्या आणि ती उधळताना गप्प उभ्या राहिलेल्या खातेदारांना खुलं पत्र

बांधाला बांध लागून असलेल्या सर्व खातेदार बंधू-भगिनींनो,

सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आमच्या शिवारात जमिनीची सरकारी मोजणी उधळली गेली. गावाचं नाव लिहीत नाही, कारण ते तुमचंही असू शकतं. सकाळी साडेआठला भूकरमापक, म्हणजे जमीन मोजणारी सरकारी कर्मचारी, आली. पंचविशीतली मुलगी. पाठीवर सॅक, हातात रोव्हरचा, म्हणजे उपग्रहांवरून जागा टिपणाऱ्या यंत्राचा, दांडा, बगलेत जुन्या टिपणाच्या (मूळ मोजणीच्या रेखाटनाच्या) नकला असलेली फाइल. बरोबर मदतीला कुणी नाही. अर्ज एका खातेदाराचा, फी भरलेली, लगतच्या सगळ्यांना नोटिसा रीतसर पोचलेल्या. तिने दांडा उभा करून यंत्र चालू केलं, तेवढ्यात पलीकडच्या शेतातून पाच-सहा जण आले. एकाने दांडा धरला. दुसरा म्हणाला, "तू कोण आमची जमीन काढणार?" तिसरा जे बोलला ते इथे लिहिण्यासारखं नाही. ती तासभर समजावत राहिली. "काका, मी फक्त हद्द दाखवणार आहे. तुमचा जबाब लिहून घेते, हरकत असेल तर तीही लिहिते." कुणी ऐकून घेतलं नाही. शेवटी दुचाकीच्या सीटवर कागद ठेवून तिने पंचनामा लिहिला, अडवणुकीमुळे मोजणी होऊ शकली नाही अशी नोंद केली आणि पंच म्हणून सह्या मागितल्या. कुणी पुढे येईना. मग मी गेलो आणि सही केली. पण त्याआधीचा तासभर मी लिंबाच्या सावलीत उभा राहून सगळं ऐकत होतो आणि माझ्या तोंडून एक शब्द निघाला नव्हता.

तो शब्द आता या पत्रात लिहितो आहे.

मी शेतकरी आहे. तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं, आता पूर्णवेळ शेती करतो. मोजणी खात्यात माझा कुणी नातेवाईक नाही. तरी या माणसांबद्दल मला जे वाटतं, त्याचं कारण आमच्याच बांधावर घडलं आहे, आणि ते सांगितल्याशिवाय पुढचं बोलण्याचा मला अधिकार नाही.

आमचं आणि वडिलांच्या चुलतभावाचं, म्हणजे आबांचं, शेत लागून. आबा म्हणायचे, तुम्ही बांध कोरला. वडील म्हणायचे, बांध आजोबांच्या वेळेपासून इथंच आहे. चौदा वर्षं दोन्ही घरांचं बोलणं बंद होतं. लग्नकार्याला निमंत्रण नाही, मयताला खांदा नाही. कोर्टाच्या तारखेला मात्र दोघं एकाच एसटीने जायचे, एक पुढच्या बाकावर, एक मागच्या. शेवटी आबांनी हद्द कायम मोजणीचा अर्ज केला. तेव्हा मी बाविशीचा होतो.

आलेले भूकरमापक चाळिशीचे, सावळे, कमी बोलणारे. बांधाकडे त्यांनी पाहिलंही नाही. पहिला प्रश्न विचारला, "जुना दगड कुठं आहे?" कुणालाच ठाऊक नव्हतं. मग त्यांनी पोतं अंथरून त्यावर टिपण पसरलं. टिपण म्हणजे मूळ मोजणीच्या वेळी जागेवर काढलेलं कच्चं रेखाटन. ते प्रमाणात काढलेलं नसतं. त्यात रेघा असतात आणि रेघांवर साखळी-आण्यांचे, म्हणजे लांबीच्या जुन्या मापांचे, आकडे. बोट त्या आकड्यांवरून फिरवत ते उठले आणि आमच्या शेताकडे पाठ करून उलट्या दिशेने चालू लागले. चार शेतं ओलांडून गावच्या शिवेपाशी गेले. तिथे एक दगड जागेवर होता. ओढ्याच्या काठाला दुसरा सापडला, निवडुंगात बुडालेला. त्या दोन दगडांमधलं अंतर त्यांनी मोजलं, टिपणाशी ताडून पाहिलं, पुन्हा मोजलं. उतार होता, तिथे साखळी जमिनीवर टाकली नाही. आडवी ताणून, ओळंबा सोडून, पायरी पायरीने उतरले. साखळीचं एक टोक माझ्या हातात दिलं होतं. दुपारी दोनपर्यंत आम्ही आमच्या शेतात पोचलोसुद्धा नव्हतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आमच्या तुरीत आले, एका जागी खुंटी ठोकली आणि म्हणाले, "इथं खणा." बांध तिथून अकरा फूट दूर होता, आबांच्या बाजूला. मी कुदळ घेतली. दीड हात खाली कुदळ खणकन वाजली. आडवा पडलेला, एका टोकाला निमुळता घडवलेला काळा दगड. आमच्या मालकीच्या तुरीच्या मधोमध.

वडील मटकन खाली बसले. भूकरमापक त्यांच्याजवळ जाऊन उकिडवे बसले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "काका, मी तुमचं काही घेतलं नाही. हा इथंच होता." एवढंच बोलले. मग उठून पुढच्या दगडाच्या मापाला लागले.

अकरा फूट ऐकायला फार वाटत नाही. पण आमचा बांध दहा साखळ्यांचा, म्हणजे ३३० फूट लांब. ३३ फूट बाय ३३ फूट म्हणजे १०८९ चौरस फुटांचा एक गुंठा. अकरा गुणिले ३३० म्हणजे ३६३० चौरस फूट, म्हणजे सव्वातीन गुंठ्यांहून थोडं जास्त. आमच्या घरातल्या कुणी एका रात्रीत ते चोरलं नव्हतं. नांगरताना एका वर्षी एक तास (नांगराची ओळ) पलीकडे, दुसऱ्या वर्षी अर्धा, पावसाने बांध फुटला की तो घालताना जरा तिकडे सरकवून. वडिलांनी, कदाचित आजोबांनीही. चौदा वर्षं वडील खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच वाटत होतं की बांध जागचा हललेला नाही. पेरणीच्या आधी त्यांनी स्वतः बांध मागे घेतला. आबांशी त्यांचं फार सख्य पुढेही झालं नाही, पण दावा निकाली निघाला, तारखा संपल्या, आणि वडील गेले तेव्हा खांदा द्यायला आबा पहिले आले.

ते भूकरमापक साहेब पुन्हा कधी भेटले नाहीत. त्यांना आम्ही साधं जेवूनही घातलं नव्हतं. त्या दिवशी घरात कुणाला घास जाईल अशी स्थिती नव्हती. हे पत्र त्यांच्यासाठीही आहे.

आता त्या कामाविषयी. आपण "मोजणीवाला" म्हणतो आणि डोळ्यांसमोर फीत धरलेला माणूस येतो. फीत धरणं हा त्या कामाचा सगळ्यात सोपा भाग आहे, तो तर मी बाविसाव्या वर्षी केला. अवघड आहे ते शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच्या माणसाचा हात वाचणं. इंदापूर तालुक्यात १८३५ पासून गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी जी मोजणी सुरू केली आणि जी पुढे मुंबई इलाख्यात पसरली, तिच्यावर आपला सर्व्हे नंबर आणि आकार (शेतसारा) उभा आहे. त्या काळी शंकू (काटकोन साधण्याचं साधन) आणि साखळीने शेत मोजलं जाई. तेहतीस फुटांची साखळी, तिचे सोळा आणे. टिपणावरून गुणाकार बुकात (क्षेत्राच्या हिशेबाच्या वहीत) क्षेत्र निघे, ते आकारबंदात (क्षेत्र आणि साऱ्याच्या नोंदवहीत) जाई आणि तिथून आपल्या सातबाऱ्यावर येई. मधे १९४७ च्या तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाच्या कायद्याने अनेक गावांत सर्व्हे नंबरांचे गट झाले. आजच्या भूकरमापकाला हे सगळे थर माहीत असावे लागतात. कोणता आकडा कोणत्या थरातला, कोणती फोड कधी पडली, गट पाडताना कुणाची वहिवाट कुठे धरली गेली. हे न कळणाऱ्याच्या हातात कितीही भारी यंत्र दिलं तरी तो हद्द दाखवू शकणार नाही.

ही परंपरा इंग्रजांपासूनच सुरू झाली असंही नाही. शिवकाळात अण्णाजी दत्तोंच्या देखरेखीखाली जमीन मोजली गेली ती पाच हात पाच मुठींच्या काठीने; वीस काठ्या लांब, वीस काठ्या रुंद म्हणजे एक बिघा, एकशेवीस बिघ्यांचा एक चावर. आणि दोन गावांच्या शिवेचा तंटा पडला की साक्ष घेतली जाई ती महारांची. ज्यांना गावाने गावकुसाबाहेर ठेवलं, त्यांच्याच शब्दावर गावाची शीव ठरत होती. मोजणारा आणि शीव जाणणारा माणूस गावाला हवा असतो, पण मान द्यायची वेळ आली की गाव मागे सरतं. मला वाटतं ही आपली जुनीच खोड आहे.

विदर्भातल्या वाचकांनी हिंगणघाटला कधी गेलात तर विल्यम लॅम्ब्टनची कबर पाहावी. १० एप्रिल १८०२ रोजी या माणसाने मद्रासला पायारेषा, म्हणजे साऱ्या मोजणीचा आधार असलेली पहिली रेघ, मोजायला घेतली आणि तिथून त्रिकोणामागून त्रिकोण जोडत भारत मोजत उत्तरेकडे निघाला. त्याचं थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजण्याचं यंत्र, सुमारे अर्ध्या टनाचं, ते डोंगरांवर आणि देवळांच्या गोपुरांवर चढवावं लागे. वीस वर्षं हे काम करता करता १८२३ मध्ये तो हिंगणघाटला वारला. काम पुढे जॉर्ज एव्हरेस्टने नेलं. त्याच मोजणीतून, दीडशे किलोमीटरहून दूर असलेल्या ठाण्यांवरून घेतलेल्या कोनांचं गणित करून, राधानाथ सिकदार यांनी १८५२ मध्ये हिमालयातलं एक शिखर जगात सर्वांत उंच असल्याचं दाखवलं. त्या मोजणीने उंची ठरवली २९,००२ फूट. आज उपग्रहांच्या मदतीने मोजलेली उंची ८८४८.८६ मीटर, म्हणजे जेमतेम तीस फुटांचा फरक. मात्र ते थिओडोलाइट खांद्यावर वाहणारे, जंगलं तोडून नजरेची रेघ मोकळी करणारे, तापाने वाटेतच मेलेले खलाशी (मोजणीचे मजूर) आणि झेंडेकरी यांची नावं फारशी कुठे सापडत नाहीत. १० एप्रिल हा आपल्याकडे राष्ट्रीय सर्वेक्षण दिन म्हणून पाळला जातो. आपल्यापैकी किती जणांना ते ठाऊक होतं? मला तरी परवापरवापर्यंत नव्हतं.

तर आता माझ्या तक्रारी. त्या सरकारवर नाहीत, तुमच्यावर आणि माझ्यावर आहेत.

पहिली तक्रार दगडांची. हद्दीचा दगड आपण उपटतो. कुणी वैराने उपटतो, पण बहुतेक वेळा बेफिकिरीने. ट्रॅक्टरच्या फाळाला अडतो म्हणून बाजूला टाकतो. गोठ्याच्या पायात बसवतो. मी स्वतः एका घरामागे असा दगड धुणं धुवायला वापरलेला पाहिला आहे. घडवलेलं टोक तसंच दिसत होतं. अलीकडे जेसीबीने सपाटीकरण करताना तर एका दुपारीत सगळ्या गटाच्या खुणा जातात आणि खातेदार बांधावर उभा राहून चालकाला चहा देत असतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ प्रमाणे सीमाचिन्हं सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी खातेदाराची आहे. तलाठ्याची नव्हे, भूकरमापकाची नव्हे, आपली. आपण ती पाळत नाही आणि मग दगडाशिवाय हद्द दाखवायला आलेल्या माणसाला म्हणतो, तुझा अंदाज चुकला.

याच्यातूनच दुसरी तक्रार येते. "दोनदा मोजणी केली, दोन्ही वेळा वेगळी आली, म्हणजे पैसे खाल्ले." हे वाक्य मी पारावर शंभर वेळा ऐकलं आहे. फरक का येतो हे एकदा समजून घ्या. मोजणी कुठल्या तरी पक्क्या खुणेपासून सुरू करावी लागते. मूळ दगड शाबूत असतील तर दोघे भूकरमापक त्याच जागेपासून निघतील आणि त्याच जागी पोचतील. दगडच नसतील तर एक जण विहिरीपासून निघेल, दुसरा जुन्या रस्त्याच्या वळणापासून. विहीर बांधून काढताना दोन हात सरकलेली असते, रस्ता रुंद झालेला असतो. नकाशाचा कागद शंभर वर्षांत आकसतो, घडीवर झिजतो, आणि नेमका घडीवरचा आकडा पुसट होतो. या सगळ्यातून त्याला ठरवायचं असतं की कोणत्या खुणेवर जास्त विश्वास ठेवायचा. हा कसबाचा आणि सचोटीचा निर्णय आहे. पटला नाही तर निमताना, म्हणजे फेरतपासणीची, मोजणी मागता येते, तीही पटली नाही तर वरच्या अधिकाऱ्याकडून सुपर निमताना. कायद्याने वाट दिलेली आहे. दांडा हिसकावून घेणं ही त्या वाटेवरची पायरी नाही.

पैसे खाण्याचा विषय निघाला आहे तर तो टाळून पुढे जात नाही. या खात्यात पैसे घेणारी माणसं आहेत. तुम्हालाही ठाऊक आहे, मलाही. घेणाऱ्याची तक्रार लाचलुचपत प्रतिबंधक विभागाकडे करा, त्याच्या बाजूने मी एक शब्द बोलणार नाही. पण पाकीट घेऊन आधी कोण उभं राहतं? "साहेब, रेघ जरा तिकडून घ्या" हे कोण म्हणतं? आणि ज्याने ते पाकीट परत केलं, त्याच्याबद्दल "फार ताठ आहे, अडवून धरतो" अशी बोंब कोण उठवतं? आमच्या बांधावर आलेल्या साहेबांना आदल्या रात्री माझ्याच घरातून निरोप गेला होता. त्यांनी तो आणणाऱ्याला दारातूनच परत पाठवलं, आणि दुसऱ्या दिवशी त्याचा उल्लेखही केला नाही. हे मला वडिलांनी पुष्कळ वर्षांनी सांगितलं. प्रामाणिक भूकरमापकाची कुणी बातमी करत नाही, कारण त्याच्या मोजणीनंतर एक बाजू नाराज असते आणि दुसरीला वाटतं की आपलंच होतं, मिळालं, त्यात काय.

तिसरं, तोंडी वाटण्या. तीन भाऊ बांधावर उभे राहून हात करून सांगतात, हे तुझं, हे माझं. कागद नाही, पोटहिस्सा मोजून घेतलेला नाही. मग एक भाऊ आपल्या वाट्यातले काही गुंठे विकतो, घेणारा पुढे विकतो, आणि वीस वर्षांनी सगळ्यांच्या कागदांची बेरीज गटाच्या क्षेत्रापेक्षा जास्त भरते. अशा गटात भूकरमापक आला की प्रत्येक जण सातबारा पुढे करतो आणि म्हणतो, माझं क्षेत्र भरून द्या. तो कुठून भरून देणार? त्याच्या पिशवीत जमीन नसते. अभिलेखात जी रेघ आहे ती जमिनीवर दाखवणं आणि प्रत्यक्ष वहिवाट कुठे आहे ते नकाशावर मांडणं, एवढा त्याचा अधिकार. ताबा देणं किंवा काढून घेणं त्याच्या हातात नाही. आपल्या घरातल्या भांडणाचा निकाल आपण त्याच्याकडून मागतो आणि तो देऊ शकत नाही म्हणून त्याच्यावर चिडतो.

चौथी गोष्ट नव्या पिढीसाठी, कारण हे मी शिकलेल्या मुलांकडूनच ऐकतो. "आता ड्रोन आले, रोव्हर आले, यांची गरज काय?" रोव्हर उपग्रहांकडून संदेश घेतो, जमिनीवरच्या स्थिर केंद्राकडून दुरुस्ती घेतो आणि आपण उभे आहोत ती जागा काही सेंटिमीटरच्या फरकाने सांगतो. अद्भुत गोष्ट आहे. साखळी ओढत दोन दिवस लागायचे तिथे आता तास-दोन तास पुरतात. स्वामित्व योजनेत २०२० पासून ड्रोनने गावठाणांचे नकाशे तयार होत आहेत आणि ज्या घराला कधी कागद नव्हता त्याला सनद मिळते आहे, ही मोठीच गोष्ट. पण ड्रोनला वरून बांध दिसतो. तो बांध कुणी सरकवला आहे का, हे दिसत नाही. आमच्या शेतावरून ड्रोन उडवला असता तर त्याने आमचा चुकीचाच बांध अगदी अचूक टिपला असता. तुरीखालचा दगड त्याला सापडला नसता. तो सापडला कारण एक माणूस चार शेतं उलटा चालत गेला.

आणि शेवटची तक्रार, जी लिहिताना मला सर्वांत जास्त लाज वाटते. मोजणीच्या दिवशी आपण या लोकांना कसं वागवतो? नोटीस येऊन पंधरा दिवस झालेले असतात, पण बांधावरची झुडपं तोडलेली नसतात. पीक उभं असतं आणि "पिकातून चालू नका" म्हणून वर ओरडा. पाणी कुणी विचारत नाही, कारण अर्जदाराने पाणी दिलं तर लगतवाला म्हणतो, त्याचं पाणी प्यायला म्हणजे त्याच्या बाजूचा. परवाच्या त्या मुलीने दिवसभरासाठी पाण्याची बाटली स्वतःच आणली होती, आणि तीही तिने सॅकमधून बाहेर काढली नाही. का, ते मला नंतर कळलं. दिवसभर शिवारात राहायचं तर स्त्रीने जायचं कुठे? शेजारच्या वस्तीवरच्या एकाही घराने तिला "ताई, आत या" म्हटलं नाही. आमच्या घरानेही नाही. त्याच वयाची माझी पुतणी पुण्यात नोकरी करते; तिच्याशी असं कुणी वागलं तर आमचं अख्खं घर तिकडे धावलं असतं.

निर्णय घेणाऱ्या, वर बसलेल्या मंडळींसाठी दोनच ओळी, कारण हे पत्र त्यांना नाही. मोजणीला कुणालाही एकटं पाठवू नका, बरोबर मदतनीस द्या, आणि वादाच्या जागी पोलीस बंदोबस्त मागितला तर तो त्याच तारखेला मिळू द्या. स्कॅन झालं म्हणून जुनी टिपणं अडगळीत टाकू नका. पुसट आकडा वाचायला मूळ कागदच लागतो.

बाकी मागण्या तुमच्याकडे, आणि त्यात मीही आलो.

या पावसाळ्याआधी आपापल्या शेताला एक फेरी मारा आणि हद्दीचे दगड मोजा. जे आहेत त्यांना चुना लावा, फोटो काढून ठेवा, घरातल्या पुढच्या पिढीला जागेवर नेऊन दाखवा. जे उपटलेले आहेत ते आपल्या अंदाजाने परत रोवू नका. चुकीच्या जागी रोवलेला दगड नसलेल्या दगडापेक्षा घातक. जेसीबी लावण्याआधी लगतवाल्याला बोलावून खुणा दाखवा.

वाटणी करायची तर पोटहिस्स्याची मोजणी करून घ्या. भाऊ भांडत नसतानाच करा, भांडण लागल्यावर ती महाग पडते, आणि मी पैशांबद्दल बोलत नाही.

मोजणीची नोटीस आली की हजर राहा. घरातलं जाणतं माणूस पाठवा, जुना कागद असेल तो आणा. जबाब द्या, हरकत असेल तर लेखी द्या आणि पोच घ्या. यंत्राला हात लावू नका. भूकरमापकाला साहेब म्हणा, ताई म्हणा, दादा म्हणा, पण अरे-तुरे करू नका. बाई असतील तर घर उघडं ठेवा. पाणी दोन्ही बाजूंनी द्या, म्हणजे कुणाचं प्यायलं हा प्रश्नच राहत नाही.

पैसे देऊ नका. मागितले तरी देऊ नका.

आणि कुणी मोजणी उधळायला निघालं तर लिंबाखाली उभे राहू नका.

ज्या खातेदाराची मोजणी परवा अडवली गेली, तो पुन्हा तारीख मागतो आहे. लगतच्या गटात माझंही नाव असल्याने नोटीस मलाही येईल. त्या दिवशी सकाळी सातला मी आमच्या बाजूच्या दगडापाशी असेन, तोच, जो तुरीखाली सापडला होता. झुडपं मी कालच तोडून घेतली आहेत. हद्दीच्या खुणांसाठी घडवलेले दगड आणून बांधाशेजारी ठेवले आहेत. ज्या पाच-सहा जणांनी त्या मुलीला परत पाठवलं, त्यांच्यातले दोघे माझे विद्यार्थी आहेत. त्यांच्या घरी आज संध्याकाळी मी जाणार आहे.

आपला,
लगतचा एक खातेदार